चौथ्या वेजचा वाद

वहिनी,

तुमच्या आदरांजली सभेत जे जे बोलायला उठले, त्या प्रत्येकाने तुम्हाला ‘बिचाऱ्या’ म्हटले. तुमचे भाऊ म्हणाले, शेजारच्या बाई म्हणाल्या, आणि ज्या वसतिगृहाच्या तुम्ही गृहपाल होतात, तिथल्या मुलींच्या वतीने बोलणाऱ्या एका प्रौढ स्त्रीनेही, डोळे पुसत का होईना, तोच शब्द वापरला. “डायलिसिसच्या खुर्चीत बिचाऱ्या मोबाइलवर काहीतरी खेळत मन रमवत होत्या,” असे तुमचे भाऊ म्हणाले तेव्हा मला राग आला. मला राग येतो, हे फारसे कुणाला ठाऊक नाही; कारण तो आला की मी गप्प बसतो आणि लोकांना वाटते, सर विचारात आहेत.

त्यानंतर माइक माझ्या हातात आला. दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर गणित शिकवले ते बहुतांशी फळ्याकडे तोंड करून. इतक्या माणसांकडे तोंड करून बोलण्याची मला सवय नाही. मी म्हणालो, “वहिनी बिचाऱ्या नव्हत्या. त्या गोल्फ खेळत होत्या.” आणि माइक परत दिला.

मग मागच्या खुर्च्यांवरून आवाज आले.

“काय म्हनले सर?”

“गोल्फ म्हनले.”

“गोल्फ? थो तं मोठ्या लोकायचा खेळ हाये ना बाप्पा!”

“जाऊ दे. सरायले धक्का बसला असंन.”

धक्का बसला होता हे खरे. पण मी बोललो ते धक्क्यातून नव्हे. तुमच्याविषयी त्या दिवशी मांडवात जे बोलले गेले, त्यात हे एक विधान पूर्णपणे अचूक होते.

आत्मा वगैरे आपण मानत नाही. तुम्ही हे वाचणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी तुम्हालाच उद्देशून लिहितो आहे, कारण दुसऱ्या कुणाशी मला इतका वेळ भांडता येत नाही. आणि आपले भांडण संपलेले नाही. तुम्ही गेलात म्हणून मी ते संपले असे मानावे, अशी अपेक्षा सध्या चहूबाजूंनी केली जाते आहे. ती मला मान्य नाही.

आपण बोलायला लागलो तेच मुळी उशिरा. माझा भाऊ होता तेव्हा मी यवतमाळला तुमच्याकडे यायचो, ओसरीवर बसायचो, तुम्ही आणलेला चहा घ्यायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचो. एवढ्या वर्षांत आपल्यात ‘साखर बरोबर आहे ना’ याच्या पलीकडे संभाषण गेल्याचे मला आठवत नाही. भाऊ गेल्यावर तेही कमी झाले. मग तुमची मूत्रपिंडे थकली, ठरलेल्या वारी दवाखान्याची खुर्ची सुरू झाली, आणि तुमच्या लेकीने, शुभाने, तुमच्या टॅबवर तो ऑनलाइन गोल्फ टाकून दिला. एकटीने खेळायचा तुम्हाला कंटाळा आला, आणि एका सकाळी माझा फोन वाजला.

“भाऊजी, तुम्ही निवृत्त झाले ना?”

“हो, वहिनी.”

“मंग दिवसभर काय करून राह्यले?”

“वाचतो.”

“वाचून झालं असंन आता. गोल्फ शिका. मले जोडीदार पाहिजे.”

मी म्हणालो, मला त्यातले काही कळत नाही, वय झाले, आणि तो आपला खेळ नव्हे. या शेवटच्या वाक्यावर तुमचा आवाज वसतिगृहातला झाला. “आपला नाही म्हंजे? खऱ्या मैदानावर गेलो असतो तं गेटावरच कोणी विचारलं असतं, कोण तुम्ही, कुठचे. इथं गेटच नाही, भाऊजी. घुसा.”

मी घुसलो. हिरवळीवरचा खरा गोल्फ मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि तो न पाहता मी त्यावर जेवढे वाचले, तेवढे परीक्षेसाठीही कधी वाचले नव्हते. तुम्ही मात्र खेळून शिकलात. वाल्मीकरावांच्या गटात, म्हणजे बाभुळगावच्या त्या निवृत्त वाहतूक नियंत्रकांनी जमवलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या हौशी मंडळींत, आपली जोडी शिरली तेव्हा आपण दोघेही शेवटून पहिले होतो. जोडीचा नियम असा की एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. बॅग दोघांत मिळून एक. तीत चौदाच काठ्या. हंगाम सुरू होताना बॅग एकदा बंद केली की मग हंगाम संपेपर्यंत तीत बदल नाही.

आणि त्या चौदांतल्या वेज किती, यावर आपण भांडलो.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: चेंडू भोकाच्या जवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, ग्रीनच्या, आसपास आला की लांब पल्ल्याच्या काठ्यांचा उपयोग संपतो. मग लागतात तिरप्या तोंडाच्या आखूड काठ्या. त्या वेज. तोंड जितके अंश अधिक तिरपे, तितका चेंडू उंच जातो, जवळ पडतो आणि पडल्यावर कमी घरंगळतो. ग्रीनच्या कडेला अडवायला रेतीचे खड्डे असतात, ते बंकर. तुमचा संच तीन वेजचा होता: सेहेचाळीस, बावन्न आणि साठ अंश. माझा चारांचा: सेहेचाळीस, पन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न. दोन वेजमध्ये चार-चार अंशांचे समान अंतर असले की प्रत्येक पल्ल्यासाठी एक पूर्ण फटका मिळतो, अंदाजाला जागा उरत नाही. तुमच्या संचात बावन्न आणि साठ यांच्यामध्ये एवढी दरी होती की अर्धा फटका मारल्यावाचून ती ओलांडता येत नव्हती. पण चौथी वेज घ्यायची तर पाच नंबरचे वूड, म्हणजे लांब पल्ल्याची एक काठी, सोडावे लागे, आणि ते वूड तुम्हाला प्राणप्रिय होते.

“त्या वूडनं मी डायरेक्ट ग्रीनच्या दारात जातो,” तुम्ही म्हणायचात. “दारात गेल्यावर मंग साठची घ्याची, बंकरवरून उचलून आत टाकाची. खेळ खलास. मधल्या जागा हातानं भराच्या.”

“त्या हाताने भराव्या लागू नयेत म्हणूनच तर काठ्या केल्या आहेत, वहिनी.”

“सगळंच काठीनं कराचं तं माणूस कायले लागते?”

“काठी निवडायला.”

यावर तुम्ही फोन ठेवून दिलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलात आणि जणू मध्ये रात्र गेलीच नाही अशा थाटात म्हणालात, “आणि दुसरं काय, की तुमचे चार अंश सारखे असतीन, पण जमीन सारखी हाये का?”

जोडी तुमच्या नावाने नोंदलेली असल्याने बॅग बंद करण्याचा अधिकार तुमचा होता. हंगामामागून हंगाम तीन वेजने गेले. त्या तीन वेजने आपल्याला कुठे कुठे नेऊन टाकले! तुमचा बावन्नचा अर्धा फटका बंकरच्या पोटात रुतायचा, पुढची पाळी माझी असायची आणि तुमचा संदेश यायचा: “घ्या. तुमच्यासाठी मऊ रेती पाहून ठेवली.” मी इकडे दारव्ह्याच्या रस्त्यावर सोयाबीनच्या गाड्यांच्या रांगेशेजारी मोबाइल धरून उभा राहून, एका कानात गाडीवानांच्या शिव्या आणि दुसऱ्या कानात तुमचा श्वास ऐकत, ती रेती उपसायचो.

पण एका वेळचे मला कबूल केले पाहिजे. किंबहुना ते मी तेव्हाही कबूल केले होते. उंचवट्यावरचे ते ग्रीन, समोर खोल बंकर आणि बंकरच्या काठालाच चिकटलेला भोकाचा झेंडा. तुम्ही खुर्चीत होतात. डावा हात सुयांसह उशीवर, टॅब मांडीवर. पलीकडून सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, “मॅडम, हात हलवू नका बरं.” तुम्ही म्हणालात, “दुसरा हालवतो ना, बाई.” आणि साठची मारलीत. चेंडू सरळ वर गेला. इतका वर, की मला वाटले तो पडद्याबाहेर गेला. मग तो बंकरच्या पलीकडे सांडल्यासारखा पडला आणि झेंड्यापाशी थबकला. तुम्ही अशा ओरडलात की यंत्राचा गजर वाजू लागला. सिस्टर धावली, शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी विचारले, “काय झालं? लागली का लॉटरी?” तुम्ही त्यांना म्हणालात, “लॉटरी नाही, साठ अंश.” मी इथे दारव्ह्यात रस्त्यावर एकटाच हसत होतो आणि लोक मला वळसा घालून जात होते.

तो फटका अप्रतिम होता. पण एका अप्रतिम फटक्याने संच बरोबर ठरत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या हंगामाआधी मी यवतमाळला आलो होतो. त्या दिवशी तुमची खुर्चीची पाळी नव्हती; तुम्ही घरीच, तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात. मी पुन्हा चौथ्या वेजचा विषय काढला. मी म्हणालो, “चार घेतल्या तर अर्धा फटका मारावा लागणार नाही.”

तुमचे हात थांबले. “कोणाले मारावा लागणार नाही?”

“दोघांनाही.”

“तुम्हाले तं मारता येते. दोन हात हायेत तुम्हाले.”

या खेळात अर्धा फटका म्हणजे एका बोटाने जोर मध्येच रोखून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नेमकी वेळ साधायची. खुर्चीत तुमचा एक हात बांधलेला. तुम्ही ते सगळे एकाच अंगठ्याने करायचात आणि बऱ्याच वेळा ते फसायचे. हे मला ठाऊक होते. पण मी ते बोललो नव्हतो.

“भाऊजी,” तुम्ही म्हणालात, “तुम्ही माह्या हाताची दया करून राह्यले.”

“नाही, वहिनी.”

“मंग खाली पाहून काहून बोलता?”

उत्तर अगदी सोपे होते. मी सगळ्यांशीच खाली पाहून बोलतो. प्राचार्यांशी, विद्यार्थ्यांशी, किराणा दुकानदाराशी, सख्ख्या भावाशी. तुम्ही एवढ्या वर्षांत मला पाहिलेत. तुमच्याशी बोलताना मी तुरीच्या टरफलांकडे पाहिले, यात तुमच्या हाताचा काय दोष? पण ते वाक्य माझ्या ओठांवर आले नाही, आणि माझ्या गप्प बसण्याचा तुम्ही होकार असा अर्थ घेतलात.

“हे पाहा,” तुम्ही म्हणालात. रागाने नाही, त्याहून वाईट, अगदी शांतपणे. “घरातले-बाहेरचे सगळेच हाताचं बोलतात. शुभा हाताचं बोलते, डॉक्टर हाताचं बोलते, भाजीवाली बी हाताचं बोलते. तुम्ही एकच माणूस गोल्फचं बोलत होते. तुम्ही गोल्फचंच बोला. हाताचं बोलाचं नाही.”

मी ‘बरं’ म्हणालो. तुम्ही तीन वेजने बॅग बंद केलीत. चौथ्या वेजचा विषय नंतर निघाला नाही आणि त्या हंगामाच्या शेवटी तुम्ही गेलात.

म्हणजे तुम्ही अशा समजुतीत गेलात की तुमच्या दिरानेही अखेर तुमची दयाच केली. सर्वांनी तुम्हाला बिचाऱ्या म्हणावे आणि त्यांत एक मीही होतो, फक्त मी ते अंशांच्या भाषेत म्हणत होतो, अशी. ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची आहे हे सांगायला मला कुणी उरलेले नाही, आणि तरीही मी ती तशी राहू देणार नाही.

नव्या हंगामाची बॅग बंद करण्याचा दिवस आला. जोडी आता माझ्या नावावर आली होती आणि जोडीदार मिळेपर्यंत दोन्ही पाळ्या मीच खेळाव्यात असे गटाने ठरवले. त्याच बैठकीत, अर्थात फोनवरच्या, आणखी एक गोष्ट ठरली. वाल्मीकराव म्हणाले, “सर, सगळ्यायचं एक मत हाये. ताईची आठवण म्हणून साठची वेज बॅगमदी ठेवा. तिले हातच नोका लावू.”

“वापरायची नाही?”

“वापरा, नाई तं नोका वापरू. पण असू द्या. श्रद्धांजली म्हणून.”

माझ्या डोळ्यांसमोर हार घातलेली एक काठी उभी राहिली. तुमच्या युक्तिवादांना मी एवढी वर्षे उत्तरे शोधली, त्यांची आता उदबत्ती ओवाळून सोय लावायची होती. म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर होते का, हा प्रश्नच कुणी विचारायचा नाही. वहिनी, मरून वाद जिंकता येत नाही. मी तुम्हाला तसा जिंकू दिला असता, तर तीच तुमची खरी दया झाली असती.

“नाही,” मी म्हणालो.

“काय नाही?”

“साठची ठेवणार नाही. चार घेणार. सेहेचाळीस, पन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न.”

“सर, राग नोका मानू,” वाल्मीकराव म्हणाले, “पण ताईले जाऊन अजून महिना नाही झाला. लोकं काय म्हनतीन? सरानं वाटच पाह्यली होती म्हनतीन.”

“म्हणू द्या.”

आयुष्यात हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले असावेत. भाऊ असता तर त्याने तुम्हाला हाक मारून बोलावले असते, ऐकलंस का, म्हणून.

संध्याकाळी शुभाचा पुण्याहून फोन आला. ती तुमच्यासारखी सरळ मुद्द्यावर येते. “काका, आईची साठ काढली म्हणे?”

“हो.”

“एवढं एक ठेवता आलं असतं.” ती म्हणाली. “तिचं दुसरं काय होतं तिथे?”

मी तिला सगळे सांगितले. तुरीच्या शेंगांपासून. शेवटी मी म्हणालो, “शुभा, तुझ्या आईला वाटत होतं की चार वेज मी तिच्या हातासाठी मागतो. आता तो हात नाही. माझे दोन आहेत, चांगले चालतात, अर्धा फटका मला येतो. आता मी तीन ठेवल्या तर त्याचा अर्थ एकच होईल, की चौथी खरोखर तिच्या हातासाठीच हवी होती. मी आजही चार घेतो, म्हणजे तेव्हाही मी गोल्फचंच बोलत होतो.”

“पण काका, तिला आता कळणार कसं?”

“कळणार नाही.”

“मग?”

“मग काही नाही. खरं ते खरं राहील.”

तिला पटले की नाही, मला माहीत नाही. ती रडत होती, आणि रडता रडता म्हणाली, “तुम्ही दोघं खरंच वेडे होता.” मला ‘दोघं’ हा शब्द फार बरा वाटला. एकटे राहणाऱ्या माणसाला कुणी दोघांत मोजावे, असे प्रसंग थोडे. तुमच्यामुळे ते आले, वहिनी. निवृत्तीनंतर माझा आवाज घरात ऐकू येईनासा झाला होता; तुम्ही मला भांडायला लावलेत आणि तो परत आणलात. याचे आभार मी तुम्ही असताना मानले नाहीत, कारण मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, विषय बदलू नोका.

मी बॅग बंद केली. चार वेजने. पाच नंबरचे वूडही गेले. गटावर कुणीतरी हात जोडल्याचे चिन्ह टाकले, ते निषेधाचे होते की शोकाचे, हे मी विचारले नाही.

आज सकाळी माझ्या घरच्या ओसरीवर बसून पहिला सामना खेळलो. दोन्ही पाळ्या माझ्याच. वूड नसल्याने दुसरा फटका ग्रीनच्या बराच अलीकडे पडला, हे नमूद करतो. तुम्ही ते नमूद केलेच असते. पुढे बंकर, बंकरपलीकडे लगेच झेंडा. मी अंतर पाहिले, वाऱ्याचा हिशेब केला, अठ्ठावन्न अंशांची घेतली आणि पूर्ण फटका मारला. चेंडू सुरेख उठला, बंकर ओलांडून ग्रीनवर उतरला, थांबेल असे वाटले, आणि हळूहळू घरंगळत झेंड्याला मागे टाकून पलीकडच्या उतारावरून खाली गवतात गेला. ते भोक मी हरलो.

काठी बरोबर होती, वहिनी. मारणे चुकले. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे, आणि तेही मला मान्य नाही.